एस्प्रेसो मशीनमधून पाणी अडतंय: डीस्केल करू (आतला क्षार काढू) की उघडून बघू?

रानजाई_पुणे

नमस्कार मंडळी. घरी इटालियन बनावटीचं मशीन आहे. एकच बॉयलर, ५८ मिमीचं पोर्टाफिल्टर (कॉफीची बास्केट बसते तो दांडा), व्हायब्रेशन पंप. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅमचा शॉट (एका वेळची एस्प्रेसो) अर्ध्या मिनिटाच्या आत पडायचा. हल्ली बीन्स त्याच, ग्राइंडरची खूणही तीच, पण कप भरायला मिनिट उलटतं, तेही थेंब थेंब. शॉट बंद केल्यावर ट्रेमध्ये फस्स करून पाणी सुटायचं, तो आवाज जवळजवळ बंद झालाय आणि बास्केटमध्ये कॉफीचा चिखल उरतो. शिवाय पोर्टाफिल्टरच्या कडेने ओघळ येतो.

आमच्या सोसायटीत उन्हाळा लागला की बोअर आणि टँकरवर भिस्त असते. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. सर्व्हिसवाल्यांनी मशीन न बघताच फोनवर सांगितलं, "डीस्केल करा, नाही जमलं तर पंप बदलू." पंपाचा खर्च करण्याआधी काय तपासू? आणि पुढे पाणी कुठलं वापरू?

भाजणी

ताई, डीस्केलर अजून ओतू नका. पाणी नेमकं कुठे अडतंय ते आधी बघा, त्याला काही खर्च नाही.

पोर्टाफिल्टर काढा आणि नुसतं ब्रूचं बटण दाबा. वरच्या जाळीतून पाणी कसं पडतंय ते बघा. मग बटण चालू ठेवूनच वाफेची तोटी उघडा. दूध फेटायच्या कांडीतून जोरात धार आली आणि जाळीतून मात्र रडतखडत पाणी पडत असेल, तर पंप आणि बॉयलर ठीक आहेत. अडथळा जाळीत, तिच्या मागच्या प्लेटमध्ये किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये (विजेवर उघडमीट होणाऱ्या झडपेत) आहे. दोन्हीकडे धार बारीक असेल तर टाकीतला फिल्टर, पंप आणि बॉयलरमधला क्षार, या क्रमाने संशय घ्या.

आता तोटी बंद करा, पुन्हा ब्रूचं बटण दाबा आणि टाकीत डोकवा. तुमच्या प्रकारच्या बऱ्याच मशीन्समध्ये टाकीत दोन सिलिकॉन नळ्या असतात. एक पाणी ओढते, दुसरी ओव्हर प्रेशर व्हॉल्व्हमधून जास्तीचं पाणी परत आणते. डब्यावर पंप १५ बारचा लिहिलेला असतो, पण शॉटला ९ बारच्या आसपास दाब पुरतो. उरलेला दाब हा व्हॉल्व्ह सोडून देतो. पोर्टाफिल्टर लावलेलं नसताना या दुसऱ्या नळीतून पाणी यायला नको. येत असेल, तर पंप दाब तयार करतोय आणि पुढची वाट बंद आहे. अशा वेळी नवा पंप बसवून काडीचा फरक पडणार नाही.

फस्स आवाज गेला म्हणजे माझा पहिला संशय थ्री-वे सोलेनॉइडवर, शॉटनंतर उरलेला दाब ट्रेमध्ये सोडणारी झडप तीच. त्यातलं भोक टाचणीएवढं असतं. कॉफीची भुकटी किंवा क्षाराचा एक कपचा तिथे बसला की झालं. म्हणूनच डीस्केलर लगेच नको म्हटलं. आम्लाने बॉयलरच्या भिंतीवरचे कपचे सुटतात आणि नेमके त्या भोकाशी जाऊन बसतात.

कडक_ब्लॅक

भाजणींशी सहमत, एक भर घालतो. तेल आणि क्षार ही दोन वेगळी दुखणी आहेत. कॉफीचं तेल अल्कधर्मी पावडरीने निघतं, क्षार आम्लाने. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. कितीही डीस्केल केलं तरी जाळीमागचं तेल जागचं हलणार नाही.

मशीनची पिन काढून पूर्ण गार होऊ द्या. जाळीच्या मधोमध स्क्रू असतो, तो सोडवून जाळी आणि मागची प्लेट खाली घ्या. काळा, चिकट, जळका वास येणारा थर दिसेल. जाळी स्टीलची असेल तर गरम पाण्यात एस्प्रेसो मशीनची पावडर घालून भिजवा. प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर मात्र भिजवू नका, काळी पडते. ब्रशने घासा.

सगळं परत लावलं की बॅकफ्लश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून धुवा: भोक नसलेली बास्केट घ्या, त्यात अर्धा चमचा पावडर, आणि दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद असं चार-पाच वेळा करा. बंद करताना पाणी व्हॉल्व्हमधून उलटं ट्रेमध्ये जातं आणि घाण घेऊन जातं. नंतर नुसत्या पाण्याने तेवढंच पुन्हा.

समुद्रमेवा

माझ्याकडे डेलाँगीची डेडिका आहे. हे बॅकफ्लश मीपण करू का?

कडक_ब्लॅक

नको! डेडिकात थ्री-वे व्हॉल्व्ह नाही, उलट जायला पाण्याला वाटच नाही. जाळी काढून धुणं आणि वेळच्या वेळी डीस्केल करणं एवढंच. शॉटनंतर पोर्टाफिल्टर लगेच काढू नका, आत दाब असतो. हात भाजेल.

नळपाणी

पाण्याचं मी सांगतो. पुण्यात खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, घोळ बोअर आणि टँकरने होतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. माणसाला ते चालेल, बॉयलरला नाही. घरच्या मशीनला साधारण ५० ते ९० बरं.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो, त्यात कॅल्शियम किती ते कळत नाही. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात जीएच-केएचचं (कठीणपणा मोजायचं) थेंबांचं किट मिळतं, ते घ्या. जीएच ३ ते ५ अंश, म्हणजे वरचेच ५० ते ९०, आला की निर्धास्त राहा.

समुद्रमेवा

मग सरळ आरओचं पाणी का नको?

नळपाणी

निव्वळ आरओने क्षार धरणार नाही, पण कॉफी सपक लागते, आणि फार कोरं पाणी धातूला खातं. काही मशीन्सचे सेन्सर पाण्यातून वीज वाहते त्यावर चालतात, त्यांना असं पाणी दिसतच नाही. आरओत थोडं साधं पाणी मिसळा आणि किटने मोजा. बोअरचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, त्यामुळे उन्हाळ्यात परत मोजायला लागेल.

भाजणी

कडेचा ओघळ राहिलाच. ते गॅस्केट आहे, म्हणजे पोर्टाफिल्टर घट्ट बसवणारी रबरी कडी. उष्णतेने रबर कडक होतं. हँडल पूर्वी समोर थांबायचं आणि आता आणखी उजवीकडे सरकत असेल तर बदलाच. जुनं काढून जाडी मोजा, मगच मागवा. ८ आणि ८.५ मिमीत फरक पडतो. सिलिकॉनचं मिळालं तर तेच घ्या.

रानजाई_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. कांडीतून धार जोरात आहे, जाळीतून बारीक, आणि टाकीतल्या दुसऱ्या नळीतून पाणी परत येतंय. म्हणजे पंप वाचला! प्लेटमागे खरंच डांबरासारखा थर होता. साफ करून बॅकफ्लश केल्यावर प्रवाह बराच सुधारला, पण फस्स अजून अर्धवटच आहे. आता डीस्केल?

भाजणी

आता व्हॉल्व्ह उघडा. पिन काढलेली, मशीन गार. कॉइल वरून निघते, आत स्प्रिंग आणि दट्ट्या असतो. उघडायच्या आधी फोटो काढून ठेवा. सुटे धातूचे भाग सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये, म्हणजे वाण्याकडच्या लिंबूसत्त्वात, थोडा वेळ ठेवा आणि भोक नायलॉनच्या केसाने मोकळं करा. सुई घालू नका, आतली बैठक ओरखडते. ओ-रिंग चिरलेली दिसली तर तीही बदला.

त्यानंतर डीस्केल, लिटरला २० ग्रॅम लिंबूसत्त्व. जाळी आणि प्लेट काढूनच करा, म्हणजे कपचे खाली पडून जातील. बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पंधरा-वीस मिनिटांच्या वर ठेवू नका. मग दोन टाक्या साधं पाणी. व्हिनेगर नको, वास रबरात मुरतो.

मशीन लावल्यावर घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला तर थांबा. ते हीटरचं काम असू शकतं, तिथे इलेक्ट्रिशियनच हवा.

रानजाई_पुणे

या रविवारी करते. दूध फेटून झाल्यावर मशीनला काही करायला लागतं का? मी तसंच बंद करते.

कडक_ब्लॅक

कांडी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि क्षणभर वाफ सोडा, नाहीतर गार होताना दूध आत ओढलं जातं. मग वाफेचं बटण बंद करून, तोटी उघडी ठेवून ब्रूचं बटण दाबा, कांडीतून सलग पाणी येईपर्यंत. वाफेत बॉयलर रिकामा होत जातो, तो भरूनच मशीन बंद करा. हीटर उघडा पडला तर जळतो, आणि तो खर्च पंपापेक्षा मोठा आहे.