चंद्र-गुरू षडाष्टक की नवपंचम?

प्रश्न (महालवासी, नागपूर)

माझ्या पुतणीचा जन्म ऑगस्ट 2016 मधला, दुपारी चारच्या सुमाराचा. आमच्या गुरुजींनी हाताने मांडलेल्या पत्रिकेत चंद्र मेषेत 28 अंशांवर आणि गुरू कन्येत 2 अंशांवर आहे. खाली तांबड्या शाईने ‘चंद्र-गुरू षडाष्टक’ अशी नोंद आहे. मोबाइलवरच्या पाश्चात्त्य पद्धतीच्या अ‍ॅपने मात्र त्याच जन्मवेळेवरून ‘चंद्र-गुरू नवपंचम, शुभ’ असे दाखवले. वहिनींच्या माहेरी ठरत आलेले एक स्थळ षडाष्टकावरून मोडले होते, त्यामुळे तो शब्द वाचल्यापासून त्या अस्वस्थ आहेत. जन्मवेळ एकच असताना दोन योग कसे निघाले, आणि गुरूची चंद्रावर दृष्टी आहे की नाही?

उत्तर 1 (धरमपेठकर)

दोघांचेही गणित बरोबर आहे. मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गुरुजींनी राशी मोजल्या. मेषेपासून कन्या सहावी आणि कन्येपासून मेष आठवी, म्हणून षडाष्टक. अ‍ॅपने अंश मोजले. मेषारंभापासून चंद्र 28 अंशांवर आणि गुरू 152 अंशांवर, म्हणजे दोघांत 124 अंशांचे अंतर. नवपंचम म्हणजे एकमेकांपासून पाचवे-नववे स्थान. अंशांत तो 120 अंशांचा असतो आणि पाश्चात्त्य पद्धतीत चार अंशांचा फरक सहज चालवून घेतात. चंद्र राशीच्या शेवटी आणि गुरू राशीच्या आरंभी असल्यामुळेच हा घोळ झाला. दोघेही राशीच्या मध्यावर असते तर हा प्रश्न आपल्याला पडलाच नसता.

दृष्टीचा हिशेब आणखी वेगळा आहे. सर्व ग्रह सातव्या स्थानाला पूर्ण दृष्टीने पाहतात. त्याखेरीज मंगळ चौथ्या-आठव्या, गुरू पाचव्या-नवव्या आणि शनी तिसऱ्या-दहाव्या स्थानाला पूर्ण पाहतो. कन्येतल्या गुरूची दृष्टी मकर, मीन आणि वृषभ या राशींवर पडते. मेषेवर पडत नाही.

वहिनींना मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा. स्थळे मोडतात ती गुणमेलनातल्या षडाष्टकावरून, आणि ते वधू व वर यांच्या चंद्रराशींमधले असते. त्यात मेष-कन्या हे मृत्युषडाष्टक आणि मेष-वृश्चिक हे, दोन्ही राशींचा स्वामी मंगळच असल्यामुळे, प्रीतिषडाष्टक मानतात. एकाच पत्रिकेतल्या दोन ग्रहांना ती भीती लावणे म्हणजे नाव सारखे म्हणून शेजाऱ्याचे वीजबिल आपण भरण्यासारखे आहे.

उत्तर 2 (रामटेकचा अभ्यासक)

वरील उत्तरात एक दुरुस्ती सुचवतो. पूर्ण दृष्टी नाही, हे खरे. परंतु ग्रंथांत दृष्टीचे पाद, म्हणजे चतुर्थांश, सांगितले आहेत : तिसऱ्या-दहाव्या स्थानी एक पाद, पाचव्या-नवव्या स्थानी दोन, चौथ्या-आठव्या स्थानी तीन आणि सातव्या स्थानी चार. गुरूपासून चंद्र आठवा असल्यामुळे गुरूची त्याच्यावर त्रिपाद दृष्टी होते. चंद्रापासून गुरू सहावा असल्यामुळे उलट दिशेने काहीच नाही. ‘योग’ दोघांचा मिळून असतो आणि ‘दृष्टी’ एकेकाची असते, हा भेद इथे चांगला दिसतो. ताजिक पद्धतीत, म्हणजे एकेका वर्षाचे फळ (वर्षफळ) पाहण्याच्या पद्धतीत, चंद्राचे दीप्तांश (योगासाठी चालणारा अंशांचा फरक) 12 आणि गुरूचे 9 धरतात, मात्र सहाव्या-आठव्या स्थानाला तिथे दृष्टीच मानलेली नाही, त्यामुळे वर्षफळात हा प्रश्न आपोआप मिटतो.

महालवासी

दोघांचेही आभार. वहिनींच्या माहेरी टिळक पंचांग वापरतात. त्यावरून पत्रिका मांडली तर काही बदलेल का?

उत्तर 3 (धरमपेठकर)

बदलेल, आणि या पत्रिकेत पुष्कळच बदलेल. अयनांश म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या ग्रहस्थानातून वजा करायचे अंश. ते किती धरायचे याचे दोन पक्ष आहेत. दाते पंचांग चित्रापक्षाचे अयनांश घेते (गुरुजींचे आकडे याच पक्षाचे दिसतात), टिळक पंचांग रैवतपक्षाचे कमी अयनांश घेते, आणि दोहोंत सुमारे 4 अंशांचा फरक आहे. रैवतपक्षाने चंद्र वृषभेत 2 अंशांवर जातो आणि गुरू कन्येत 6 अंशांवर. अंतर 124 अंशच राहते, कारण दोन्ही ग्रह सारखेच सरकतात. राशीची सीमा मात्र ओलांडली जाते. त्यामुळे राशीनेही नवपंचम होतो आणि गुरूची नववी, पूर्ण दृष्टी वृषभेतल्या चंद्रावर पडते. नक्षत्र कृत्तिकाच राहते, चरण मात्र पहिल्याऐवजी दुसरे येते. अ‍ॅपच्या सायन, म्हणजे अयनांश वजा न करता केलेल्या, गणितानेही चंद्र वृषभेत आणि गुरू कन्येतच येतो.

चंद्र त्या सुमारास तासाला अर्ध्या अंशाहून थोडा अधिक चालत होता. गुरुजींच्याच गणिताने तो संध्याकाळी पावणेआठच्या आसपास वृषभेत गेला असणार आणि रात्री अकराच्या सुमारास अंतर नेमके 120 अंश झाले असणार. बाळ जेवणाच्या वेळेपर्यंत थांबले असते, तर गुरुजींनी आणि अ‍ॅपने एकच योग लिहिला असता.