‘द प्रिझनर’चा शेवट ही फसवणूक नाही

आडवाट:

गवाक्ष यांनी परवा लिहिले की ‘द प्रिझनर’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचा ‘फॉल आउट’ हा शेवटचा भाग म्हणजे प्रेक्षकांची उघड फसवणूक आहे, मालिकेचे मुख्य नट आणि कर्तेधर्ते पॅट्रिक मॅकगूहन यांच्याकडे शेवटच तयार नव्हता म्हणून त्यांनी माकडाचा मुखवटा आणि गाणी-गोंधळ यांवर वेळ मारून नेली, आणि त्यात अर्थ शोधणारे लोक केवळ स्वतःचा शहाणपणा मिरवतात. हे वाचल्यापासून माझे मन स्वस्थ नाही. तिथे दोन ओळींत उत्तर देणे मला अपुरे वाटले, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: राजीनामा दिलेल्या एका माणसाला पळवून एका ‘गावा’त कैदेत ठेवतात. तिथे माणसांना नावाऐवजी क्रमांक असतात. तो क्रमांक सहा, गावाचा कारभार पाहणारा क्रमांक दोन, आणि त्याच्याही वरचा क्रमांक एक शेवटपर्यंत दिसत नाही.

माझे म्हणणे असे आहे की ‘फॉल आउट’मध्ये क्रमांक एकच्या मुखवट्याआड सहाचाच चेहरा निघणे ही आयत्या वेळी सुचलेली युक्ती नाही. ही मालिका पहिल्यापासून त्याच दिशेने चाललेली आहे. आपण मात्र तिला ‘एकटा शूर माणूस विरुद्ध दुष्ट व्यवस्था’ अशी समजून पाहतो आणि मग शेवटी चिडतो. ‘फ्री फॉर ऑल’ हा भाग आठवून पाहा. सहा निवडणूक लढवतो, जिंकतो, क्रमांक दोनच्या खुर्चीत बसतो आणि ध्वनिक्षेपकावरून गावाला ओरडून काय सांगतो? माझी आज्ञा पाळा आणि मुक्त व्हा. स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य चुकून आलेले नाही. ‘चेकमेट’मध्ये तर हे अधिकच स्पष्ट होते. कैदी कोण आणि पहारेकरी कोण हे ओळखण्यासाठी सहा एक कसोटी शोधतो: जो दरडावल्यावर दबतो तो कैदी, जो उलट ताठरतो तो पहारेकरी. या कसोटीवर निवडलेली माणसे घेऊन तो सुटकेचा बेत रचतो आणि तो बेत त्याच कसोटीने फसतो, कारण त्याचे साथीदारही तिचा वापर करतात आणि त्याच्या आवाजातला अधिकार ऐकून त्यालाच पहारेकरी ठरवतात. बाहेरच्या कोणी त्यांना फितवलेले नव्हते.

यानंतर ‘फॉल आउट’ पाहिला तर मुखवट्याआड दुसरा कोणता चेहरा निघायला हवा होता, हे गवाक्ष यांनी सांगावे. एखादा मंत्री किंवा शत्रुराष्ट्राचा हेर निघाला असता तर आपण समाधानाने झोपलो असतो आणि मालिका विसरून गेलो असतो.

गवाक्ष:

माझे मत मांडताना आपण माझी भाषा थोडी अधिक कडवट केली आहे. पण मुद्दा मान्य आहे, म्हणून उत्तर देतो. आपण जे लिहिले ते सुंदर आहे, परंतु ते नंतर जोडलेले सुंदर आहे. मॅकगूहन यांना मुळात 7 भागांचीच मालिका हवी होती, अमेरिकेत विकण्यासाठी मालिकेला पैसा पुरवणाऱ्या ल्यू ग्रेड यांना अधिक भाग हवे होते आणि शेवटी 17 झाले. मधला एक संपूर्ण भाग तर नायकाशिवाय काढावा लागला, कारण मॅकगूहन अमेरिकी चित्रपटाच्या चित्रीकरणाला गेले होते. तेव्हा सहाचे मन दुसऱ्या माणसाच्या शरीरात घालून नायजेल स्टॉक यांच्याकडून काम करून घेतले. याला आपण पूर्वनियोजित रूपक म्हणणार का? ‘फॉल आउट’ घाईत लिहिला गेला हे सर्वांना ठाऊक आहे. क्रमांक दोन झालेले नट लिओ मॅककर्न यांची दाढी त्या भागात पडद्यावरच उतरवली जाते, कारण आधीचा भाग होऊन बराच काळ लोटला होता आणि त्यांचे रूप बदललेले होते. निर्मितीतील अडचणींना लोक अर्थ समजतात, हीच माझी तक्रार आहे. त्या वेळचे प्रेक्षक मूर्ख नव्हते. 1968 च्या फेब्रुवारीत ते संतापले, कारण 16 भाग त्यांना एक प्रश्न विचारण्यात आला आणि सतराव्यात त्यांना उत्तराऐवजी गोंगाट मिळाला.

मधली ओळ:

दोघांच्याही लेखनात एक नाव अजून आलेले नाही, आणि ते न येण्याची सवयच मला सर्वांत अधिक खटकते. जॉर्ज मार्कस्टाइन. हे या मालिकेचे पटकथा-संपादक होते. ‘अरायव्हल’ हा पहिला भाग त्यांनी आणि डेव्हिड टॉम्बलिन यांनी लिहिला. दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमधील इन्व्हरलेअर येथे, ज्यांना फार काही ठाऊक झाले आहे पण ज्यांना मोकळे सोडता येत नाही अशा हेरखात्याच्या माणसांना आरामात पण बंदिवासात ठेवले जाई; ही माहिती मार्कस्टाइन यांच्याकडे होती आणि गावाची कल्पना तिथून आली. मॅकगूहन यांच्याशी बिनसल्यावर ते मालिका अर्ध्यावर सोडून गेले, आणि पुढे सगळे श्रेय एका देखण्या नटाच्या नावावर जमा झाले. शीर्षकदृश्यात ज्या टेबलावर सहा राजीनामा आपटतो, त्या टेबलामागे बसलेला माणूस कोण आहे हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले? ते स्वतः मार्कस्टाइन आहेत.

मी हे चिडून लिहीत आहे, कारण मी एका दैनंदिन मराठी मालिकेसाठी संवाद लिहिले आहेत. ज्या कथासूत्रावर ती मालिका पुढे कित्येक महिने चालली ते माझे होते. नामावलीत माझे नाव आले नाही आणि मुख्य अभिनेत्याने मुलाखतीत ते सूत्र आपल्याला सुचल्याचे सांगितले. त्यामुळे ‘मॅकगूहन यांना काय म्हणायचे होते’ असा प्रश्न वाचला की मला विचारावेसे वाटते, मार्कस्टाइन यांना काय म्हणायचे होते? त्यांचे उत्तर सरळ होते: सहा म्हणजे मॅकगूहन यांच्याच आधीच्या ‘डेंजर मॅन’ या हेरमालिकेतला नायक जॉन ड्रेक, राजीनामा दिलेला एक हेर. रूपक वगैरे नंतरचे.

आडवाट:

आपल्यावर अन्याय झाला आणि तो वाईटच आहे, परंतु त्यामुळे ड्रेकचा दावा सिद्ध होत नाही. मॅकगूहन यांनी सहा म्हणजे ड्रेक नाही असे वारंवार सांगितले आहे.

मधली ओळ:

ते सांगणारच, कारण ड्रेक हे पात्र ‘डेंजर मॅन’चे जनक राल्फ स्मार्ट यांचे होते आणि त्या नावाबरोबर हक्कांचा प्रश्न आला असता. मी पुरावे देते. शीर्षकदृश्यात यंत्र ज्या छायाचित्रावर फुली मारते ते ‘डेंजर मॅन’च्या प्रसिद्धीचे छायाचित्र आहे. ‘द गर्ल हू वॉज डेथ’मध्ये क्रिस्टोफर बेंजामिन पॉटर नावाचे पात्र करतात आणि ‘डेंजर मॅन’च्या ‘कोरोशी’ या भागातही त्यांच्या पात्राचे नाव पॉटर आहे. ‘डेंजर मॅन’च्या 1960 सालच्या पहिल्याच भागाचे काही चित्रीकरण वेल्समधील पोर्टमेरियनमध्ये, म्हणजे जिथे पुढे ‘गाव’ चित्रित झाले तिथेच, झाले होते. याहून अधिक काय हवे?

आडवाट:

यातून एवढेच सिद्ध होते की त्याच माणसांनी त्याच जागा आणि तेच नट पुन्हा वापरले. आपला आग्रह मला समजतो, पण तो आग्रह मालिकेला लहान करतो. ड्रेक म्हटले की ती एका विशिष्ट हेराची कैफियत होते. निनावी ठेवला म्हणजे तो कोणीही होतो, आणि क्रमांक एकचा चेहरा आपल्यावर उलटतो.

मधली ओळ:

म्हणजे लेखकाचे नाव पुसल्याने कलाकृती मोठी होते, असे आपण मला समजावत आहात. हे वाक्य मी निर्मात्याच्या तोंडून ऐकले आहे. या विषयावर मी आपल्याशी आणखी बोलू इच्छित नाही.

दर्यावर्दी:

वाद ड्रेकपाशी अडकला आहे, म्हणून मूळ प्रश्नाबद्दल थोडे लिहितो. माझ्या वडिलांनी चांगली सरकारी नोकरी मुदतीआधी सोडली. कारण त्यांनी आईलाही सांगितले नाही. काका, शेजारी, जुने साहेब, सगळे विचारत राहिले. कोणी काळजीने, कोणी संशयाने. शेवटी घरातच कुजबुज सुरू झाली की काहीतरी लफडे असणार. ते शांतपणे म्हणत, ‘तो माझा प्रश्न आहे.’ आपण क्रमांक एक कोण यावर भांडत आहात, परंतु गावाने प्रत्येक भागात विचारलेला प्रश्न तो नाहीच. प्रश्न आहे: राजीनामा का दिलास? त्याचे उत्तर 17 भागांत मिळत नाही. हा दोष आहे असे गवाक्ष म्हणतील. मला तो मालिकेचा कणा वाटतो. उत्तर मिळाले असते तर ते प्रेक्षकालाही मिळाले असते, आणि त्या क्षणी प्रेक्षक गावाच्या बाजूला जाऊन बसला असता. ‘द जनरल’मध्ये सर्व प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या यंत्रापुढे सहा ‘का’ एवढाच प्रश्न ठेवतो आणि ते यंत्र जळून जाते, हे मला इथे आठवते.

गवाक्ष:

दर्यावर्दी यांचे लेखन वाचून मला थांबावे लागले. राजीनाम्याचे उत्तर न देणे हा निर्णय होता, आयत्या वेळची पळवाट नव्हती, एवढे मी मान्य करतो. तो पहिल्या भागापासून टिकलेला आहे. परंतु क्रमांक एकबद्दल मी माझे मत बदललेले नाही. न सांगणे आणि गोंधळ घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदुकांच्या गोळ्या झाडत माणसे मारायची आणि पार्श्वभूमीला प्रेमाचे गाणे लावायचे, यात मला विचारापेक्षा थकवा अधिक दिसतो.

आडवाट:

त्या गाण्याबद्दल आपले म्हणणे मी पूर्णपणे खोडू शकत नाही. तरीही एक गोष्ट पुन्हा पाहावी अशी विनंती आहे. सुटून सगळे लंडनला पोहोचल्यावर कलाकारांची नावे एकेक करून पडद्यावर येतात: अलेक्सिस कॅनर, लिओ मॅककर्न, अँजेलो मस्कॅट. मॅकगूहन यांच्या दृश्यावर मात्र त्यांचे नाव येत नाही, तिथे ‘प्रिझनर’ असे लिहिलेले आहे. आणि त्यांच्या घराचे दार गावातल्या दारांसारखेच आपोआप उघडते. थकलेला माणूस इतका नेमका तपशील ठेवत नाही.

गवाक्ष:

दाराचे लक्षात होते. नावाकडे मी लक्ष दिले नव्हते. शेवटची 10 मिनिटे पुन्हा पाहतो. माकडाच्या मुखवट्याबद्दल मात्र मला कोणी पटवू शकेल असे वाटत नाही.

मधली ओळ:

पाहणारच असाल तर शीर्षकदृश्यही पाहा, आणि टेबलामागच्या माणसाचे नाव कुठे, किती मोठ्या अक्षरांत आहे तेही पाहा.