वर्षभर स्वतःवरचा खर्च थांबवायचाय, ऑफिसातल्या वर्गण्यांचं काय करू?

भांडुपची

नमस्कार. वय ३१, राहते भांडुप पश्चिमेला, नोकरी लोअर परळला. हातात ४६,००० येतात. त्यातले २२,००० घरी देते, ५,००० भिशीत जातात. म्हणजे १९,००० माझ्याजवळ उरायला हवेत, पण २५ तारखेपासूनच मी पगाराची वाट बघायला लागते. गेल्या रविवारी तीन महिन्यांचे यूपीआयचे सगळे व्यवहार वहीत उतरवून काढले. मोठी खरेदी एकही नाही. १४० ची कॉफी, स्टेशनवरून एकटीने केलेली रिक्षा, रात्री साडेअकराला मागवलेलं आइस्क्रीम. एका महिन्यात तर जेवण १७ वेळा बाहेरून मागवलंय, आणि आई रोज सकाळी उठून डबा देते. ते १७ डबे मी कुणाला तरी दिले नाहीतर तसेच घरी नेले. हे लिहून काढताना फार वाईट वाटलं.

मला बी.एड. करायचंय. दोन वर्षांचा कोर्स, नोकरी सोडावी लागणार. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत, त्यांच्याकडे मागायचं नाही. म्हणून वर्षभर पास, औषधं आणि फोनचं रिचार्ज सोडून स्वतःसाठी काही घ्यायचं नाही असं ठरवलंय.

अडचण ऑफिसची आहे. टीममध्ये २३ जण, दर वाढदिवसाला ३०० वर्गणी, शिवाय शुक्रवारी सगळे मिळून जेवण मागवतात. नाही कसं म्हणू? कोणी पूर्ण वर्ष निभावलंय का?

परळवाला

यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडून बघा आधी. माझे तीन चालू निघाले, त्यातलं एक व्यायामाचं ॲप मी दीड वर्ष उघडलंच नव्हतं. तिथल्या तिथे रद्द करता येतं. पास सहा महिन्यांचा काढा, मासिकाच्या ५.४ पट पैसे लागतात, म्हणजे अर्ध्या महिन्याहून थोडे जास्त वाचतात. खाण्याची ॲप फोनमधून काढा.

सकाळची ८:१२

मी निभावलंय. २०२४ च्या पाडव्यापासून २०२५ च्या पाडव्यापर्यंत. चिंचपोकळीला राहते, लॅबमध्ये नोकरी.

माझ्यावर क्रेडिट कार्डाचे ८४,००० होते. मी दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत होते आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के लागत होतं. मागची बाकी असली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज काढून कार्ड एकदम फेडलं आणि कात्रीने कापलं. पतपेढीचा हप्ता पगारातूनच कापला जायचा, ते मला सोयीचं पडलं. तुम्हाला कर्ज नाही, ही केवढी जमेची बाजू आहे.

मला खरा उपयोग झाला तो एका वहीचा. काही घ्यावंसं वाटलं की तारीख घालून वस्तू आणि किंमत लिहायची, आणि तीस दिवसांनी पुन्हा बघायचं. वर्षभरात ६१ नोंदी झाल्या. त्यातल्या चार वस्तू घेतल्या. एक म्हणजे पावसाळी चपला, कारण जुन्या जुलैत ऐन पाण्यात तुटल्या. त्याआधी चांभाराने दोनदा शिवून दिल्या होत्या. बाकीच्या बऱ्याच नोंदी वाचताना तर मला ते का हवं होतं हेच आठवेना.

गणपतीत मी चुकले. हिंदमाताला बहिणीसोबत गेले आणि ३,८०० ची साडी घेऊन आले. वहीत लिहिलीच नाही. त्या रात्री वाटलं, आता कशाला पाळायचं? दुसऱ्या दिवशी नोंद केली आणि पुढे चालू ठेवलं. तुमचंही कधीतरी असं होईल, तेव्हा वर्ष मोडलं असं समजू नका.

आता वर्गणीचं. आमच्या ८:१२ च्या लेडीज डब्यातही वाढदिवस होतात, २०० प्रत्येकी. मी मैत्रिणींना सरळ सांगितलं, कर्ज फेडतेय, वर्षभर वर्गणी नाही, पण प्रत्येकीच्या वाढदिवसाला नारळाच्या वड्या माझ्याकडून. एकीनेही तोंड वाकडं केलं नाही. उलट दोघी नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, आमचीही तीच गत आहे गं. संक्रांतीच्या वाणाला जुन्या डब्यांत लावलेली तुळशीची रोपं दिली. आधीच, एकदाच आणि खरं कारण सांगा. दर वेळी नवी सबब काढाल तर तिसऱ्या महिन्यात थकाल.

सगळंच मात्र बंद करू नका. मला नाटकाचं वेड आहे. दोन महिन्यांतून एकदा शिवाजी मंदिरला, बाल्कनीचं तिकीट, हे मी राखून ठेवलं होतं. ते नसतं तर दिवाळीपर्यंतही टिकले नसते. पुस्तकं दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणली.

गिरगावकर

ताईंचं बाकी सगळं पटलं. पण लग्न-मुंजीचा आहेर, आजारी माणसाला भेटायला जाताना नेलेली फळं, यांना हात लावू नका. मी एकदा असंच वर्ष काढलं तेव्हा आत्याच्या साठीला रिकाम्या हाताने गेलो. ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी ती गेली. हे मला आजही सलतं. हिशोबात एक रक्कम दुसऱ्यांसाठी वेगळी धरा.

सकाळची ८:१२

दादा, बरोबर आहे. मी महिन्याला ५०० त्यासाठीच वेगळे ठेवत होते, वर लिहायचं राहिलं.

भांडुपची

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑटोपे बघितले, दोन निघाले, दोन्ही रद्द केले. काल टीम लीडशी बोलले, बी.एड.चंच सांगितलं. त्यांची बायको शिक्षिका आहे, त्यांनी सीईटीची तिची पुस्तकं द्यायचं कबूल केलं. शुक्रवारी मी डबा घेऊन सगळ्यांमध्येच बसणार. पहिला वाढदिवस १२ तारखेला आहे.

ताई, २३ जणांना वड्या पुरवायला नारळ किती लागतील? आणि माझ्या दर वेळी चिकट होतात.

सकाळची ८:१२

मोठे असतील तर दोन. खोबरं पांढरंच खोव, काळी पाठ नको. चार वाट्या खोबऱ्याला तीन वाट्या साखर आणि अर्धी वाटी दूध. चिकट होतात म्हणजे तू लवकर उतरवतेस. मिश्रण कडेने सुटून मधे गोळा व्हायला लागेपर्यंत हलवत राहा, मग ताटात थाप आणि कोमट असतानाच सुरी फिरव. ११ तारखेला रात्रीच करून ठेव, सकाळी गाडीची घाई होते.