मदत हवी आहे: एका केंद्राच्या उपयोगिता प्रमाणपत्रावाचून चार केंद्रांचा निधी अडला आहे

समन्वयक_पुणे: क्षयरोग आणि मधुमेह हे दोन्ही आजार असलेल्या रुग्णांवरील आमचे संशोधन चार रुग्णालयांत चालू आहे. तीन केंद्रांनी उपयोगिता प्रमाणपत्रे (मिळालेला निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) दिली; चौथ्याकडून तीन महिने पाठपुरावा करूनही ते आलेले नाही आणि त्यामुळे सर्वांचाच दुसऱ्या वर्षाचा हप्ता थांबला आहे. परिचारिकांचे दोन महिन्यांचे मानधन थकले आहे. कृपया लवकर मार्ग सुचवावा.

लेखापाल_नाशिक: निधी कोणाचा आहे, आणि तो केंद्रांना थेट मिळतो की मुख्य संस्थेमार्फत?

समन्वयक_पुणे: केंद्र सरकारचा आहे, आमच्या संस्थेमार्फत वाटप होते.

डॉ_सोलापूर: त्या रुग्णालयाची स्वतःची एथिक्स कमिटी (संशोधनातील रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने मान्यता देणारी समिती) नसेल, तर ५० किलोमीटरच्या आतील दुसऱ्या समितीची मान्यता चालते.

वाचक_मिरज: ती तरतूद २०१९ च्या नियमांत औषधांच्या चाचण्यांसाठी आहे. येथे प्रश्न पैशांच्या हिशेबाचा आहे.

आरती_नागपूर: आमच्या प्रकल्पात आम्ही सर्व केंद्रांचा खर्च दरमहा एकाच सामायिक तक्त्यात भरून घेतो, त्यामुळे वर्षाअखेरीस कोणाचाच हिशेब मागे राहत नाही. तुम्हीही आजच सुरू करा.

लेखापाल_नाशिक: पुढच्या वर्षासाठी हे योग्यच आहे, पण तक्त्याने आज सही मिळणार नाही. चौथ्या केंद्राचे मुख्य संशोधक काय म्हणतात?

समन्वयक_पुणे: त्यांची मार्चमध्ये बदली झाली. नव्या डॉक्टरांनी कार्यभार घेतला आहे, परंतु आधीच्या खर्चावर सही करण्यास ते तयार नाहीत.

लेखापाल_नाशिक: अडचण नेमकी येथेच आहे, आणि नव्या डॉक्टरांचा संकोचही मला रास्त वाटतो. उपयोगिता प्रमाणपत्राच्या नमुन्यावर, म्हणजे सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नमुना १२-अ वर, संस्थेचे वित्तप्रमुख आणि संस्थाप्रमुख यांच्या सह्या लागतात. म्हणून पत्र डॉक्टरांना नव्हे, तर संस्थाप्रमुख असलेल्या अधिष्ठात्यांना लिहा आणि लेखा विभागाने नोंदवह्यांवरून खर्च प्रमाणित करावा, अशी विनंती करा. शिल्लक रक्कम आणि तिच्यावरील व्याज वेगळे दाखवायला सांगा, कारण ते व्याज सरकारकडे भरावे लागते आणि पुष्कळ प्रमाणपत्रे याच कारणाने परत येतात. निधी देणाऱ्या संस्थेच्या नमुन्यात मुख्य संशोधकांचीही सही असेल, तर जुन्या डॉक्टरांकडून त्यांच्या काळापुरती सही घ्या.

वाचक_मिरज: मुख्य संशोधक बदलल्याचे एथिक्स कमिटीला आणि निधी देणाऱ्या संस्थेला कळवले आहे का? सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी असेल, तर तेथेही नाव बदलायला हवे. हे राहिले असेल, तर नव्या डॉक्टरांकडे सहीचा अधिकारच नाही आणि नवीन रुग्णांची नोंदणीही थांबवावी लागेल.

समन्वयक_पुणे: समितीला कळवलेले नाही. नवीन रुग्ण घेणे आजच थांबवण्यास सांगितले आहे; उद्या सकाळी अधिष्ठात्यांना द्यायचे पत्र आणि समितीकडे करायचा अर्ज घेऊन मी स्वतः तेथे जात आहे. जुन्या डॉक्टरांशी आताच बोलणे झाले, ते सही देण्यास तयार आहेत.

लेखापाल_नाशिक: जाताना बँकेचे वर्षभराचे विवरण सोबत ठेवा; लेखा विभाग सर्वप्रथम तेच मागेल.