एसी लावला की डॅशबोर्डमागून टकटक, बंद केल्यावर सूं... कॉम्प्रेसर गेला का?

मागची_सीट:
मंडळी, गाडी पेट्रोल हॅचबॅक, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली. चावी फिरवली की ग्लोव्ह बॉक्सच्या मागून टक-टक-टक सुरू होतं, काही सेकंदांत थांबतं. तापमान थंडाकडून गरमाकडे नेलं की परत टकटक. इंजिन बंद केलं की आतून हवा सुटल्यासारखा सूं आवाज येतो. आणि हल्ली वळणावर डॅशबोर्डच्या खाली पाणी डुचमळल्यासारखं वाटतं. गारवा मात्र झकास आहे. गॅरेजमध्ये बॉनेट उघडलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबणारा पंप) बदला. बदलू का?

तिसरा_गिअर:
गॅस कमी असेल. भरून घ्या, आवाज जाईल.

पाना_दहाचा:
गारवा झकास आहे म्हणतायत ना ते? मग गॅस कशाला भरायचा? जास्त झाला तर उलट दाब वाढून कॉम्प्रेसरच्या जिवावर बेतेल.

मागची_सीट, तुम्ही तीन आवाज सांगितलेत आणि तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो ते बघायचं. ब्लोअरचा वेग वाढवला की वाढतो, तर ब्लोअर: पंख्यात पान अडकलंय किंवा मोटरचं बेअरिंग गेलंय. ॲक्सिलरेटर दिला की वाढतो आणि एसीचं बटण बंद केल्यावर जातो, तर कॉम्प्रेसर किंवा त्याचा क्लच (त्याला बेल्टच्या पुलीशी जोडणारा-सोडवणारा भाग). एसी बंद असतानाही घरघर राहिली तर क्लचच्या पुलीचं बेअरिंग बघा, कारण पुली बेल्टबरोबर कायम फिरतच असते.

तुमचा आवाज तापमानाच्या बटणाबरोबर येतो. आता एक करा: इंजिन चालू न करता चावी फक्त ऑनवर ठेवा आणि तापमान खालीवर करा.

मागची_सीट:
केलं. इंजिन बंद असूनही तस्संच टकटक.

पाना_दहाचा:
मग कॉम्प्रेसर निर्दोष सुटला. तो इंजिनाच्या बेल्टवर चालतो, इंजिन बंद असताना बिचारा काय आवाज करणार?

हा ब्लेंड डोअरचा ॲक्च्युएटर आहे. गरम आणि थंड हवा किती मिसळायची ते ठरवणारी एक झडप असते, ती फिरवणारी ही छोटी मोटर. आत प्लास्टिकचे गिअर असतात. एकाचे दात झिजले की मोटर ढकलते, दात घसरतो, टक. पुन्हा ढकलते, पुन्हा टक. बऱ्याच गाड्या चावी फिरवल्यावर झडपेची जागा तपासून घेतात, म्हणून सुरुवातीलाच वाजतं. ग्लोव्ह बॉक्स उतरवा, कुणाला तरी बटण फिरवायला सांगा आणि ॲक्च्युएटरवर बोट ठेवा. प्रत्येक टकीला बोटाला ठोका लागेल. बदलण्याआधी तो काढून झडप हाताने फिरवून बघा. झडपच अडकली असेल तर नव्याचेही दात जातील.

सूं आवाज सोडून द्या. एसी थांबला की जास्त दाबाकडचा गॅस कमी दाबाकडे जातो, दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत तो येतो.

ओला_कार्पेट:
डुचमळण्याबद्दल सांगतो. दमट हवेत एसी लावून गाडी थोडा वेळ उभी करा. खाली पाणी ठिबकत नसेल तर ड्रेनची, म्हणजे एसीचं पाणी बाहेर सोडणारी, नळी तुंबली आहे. पाणी इव्हॅपोरेटरच्या (हवा गार करणाऱ्या जाळीच्या) खोक्यात साठतं आणि वळणावर हलतं. नळी खालून साफ करा, पण तार खुपसू नका, आत इव्हॅपोरेटरला भोक पडलं तर खरंच मोठा खर्च.

पायाखालचा कार्पेटही चाचपा. साधं पाणी असेल तर ड्रेन. बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला, काचेवर तेलकट वाफ धरत असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), म्हणजे हीटर कोअर (आतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय.

पाना_दहाचा:
बरोबर. आणि वळणावर नाही, तर इंजिन सुरू करताना किंवा ॲक्सिलरेटर दिल्यावर गुडगुड झाली, तर कूलंटमध्ये हवा शिरलेली असते. पातळी इंजिन थंड असतानाच बघा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं.

मागची_सीट:
कार्पेट ओलसर आहे, वास नाही, चिकटही नाही. गाडीखाली मात्र एक थेंब नाही. आधी नळी साफ करतो, ग्लोव्ह बॉक्स त्यानंतर. ॲक्च्युएटर बदलल्यावर बॅटरी काढावी लागते का?

पाना_दहाचा:
गाडीनुसार. काहींना चावी ऑन-ऑफ केली तरी पुरतं, काहींना स्कॅनरने कॅलिब्रेशन, म्हणजे झडपेची जागा नव्याने जुळवणं, लागतं. मॉडेल आणि साल टाका, मग सांगतो.