माऊथगार्ड समोरून पातळ येते, काय करावं? (मदत हवी, अर्जंट)

उमरखेडी_खेळगडी:
नमस्कार मंडळी. गावातल्या कबड्डीच्या पोरांसाठी माऊथगार्ड (दात वाचवायला वरच्या दातांवर बसवायचं मऊ कवच) बनवून राहिलो. ओळखीच्या दातांच्या डॉक्टरसाहेबांची मशीन संध्याकाळी वापरायला भेटते, प्लास्टिकची शीट गरम करून दातांच्या साच्यावर बसवते ती. दाढांवर झकास बसते, पण समोरच्या दातांवर पार पापुद्रा होते. एका पोरानं तर सरावातच चावून फाडलं. जास्त गरम करून पाहिलं, कमी गरम करून पाहिलं, काही फरक नाही. रविवारी सामने आहेत. विकतचे घ्या असं कोणी सांगू नका, ते माहीत आहे. लवकर सांगा.

मातीतला_रेडर:
भाऊ, विकतचेच घ्या ना. गरम पाण्यात टाका, तोंडात घालून चावा, झालं. आमचा अख्खा संघ तेच वापरते. फक्त उन्हात ठेवू नका. मे महिन्यात एकाचं गाडीच्या डिक्कीत राहिलं, त्याची जिलेबी झाली.

दंतू_वर्धा:
शीट किती मिलिमीटरची? मशीन व्हॅक्यूमची (खालून हवा ओढणारी) की प्रेशरची (वरून हवेनं दाबणारी)? मॉडेल, म्हणजे दातांचा साचा, कशाचं, किती उंच? मुलांची वयं काय? कोणाच्या दातांना तार लावलेली आहे का? एवढं कळल्याशिवाय नुसता अंदाजच सांगता येईल.

उमरखेडी_खेळगडी:
@दंतू मॅडम, तुम्ही तर फॉर्मच भरून घेऊन राहिल्या. शीट क्लिनिकात होती तीच, पारदर्शक, मऊ. मशीन खालून हवा ओढते. मॉडेल पांढऱ्या प्लास्टरचं, चांगलं उंच ठेवतो, काढताना धरायला बरं पडते. पोरं कॉलेजातली आहेत. आता सांगा.

दंतू_वर्धा:
उंच ठेवता तिथंच घोळ आहे. गरम शीट मॉडेलवर आली की तिला तेवढ्याच मालात सगळ्या भिंती झाकायच्या असतात. मॉडेल जितकं उंच आणि समोरचे दात जितके उभे, तितकी ती तिथं ताणली जाते. ट्रिमरवर (मॉडेल घासायच्या यंत्रावर) खालून घासून समोरची उंची दोन-अडीच सेंटिमीटरवर आणा. टाळूचा मधला भाग घासून भोक पाडा, म्हणजे हवा तिथूनही ओढली जाईल. मॉडेल पूर्ण वाळलेलं हवं, ओलं असलं तर वाफेमुळे शीट नीट चिकटत नाही. पांढरं प्लास्टर सोडा, डेंटल स्टोन (दातांच्या मॉडेलसाठीचं जास्त कडक प्लास्टर) वापरा.
आणि क्लिनिकातली ती मऊ शीट बहुधा दात पांढरे करण्याच्या ट्रेची असणार. ती एक-दीड मिलिमीटरची येते. ओठाच्या बाजूला तयार गार्ड ३ मिमीच्या आसपास हवं. ताणल्यावर जाडी सहज तिसऱ्या हिश्श्यानं किंवा निम्म्यानं घटते, म्हणून सुरुवातच ४ मिमीच्या ईव्हीए (रबरासारखं मऊ प्लास्टिक) शीटनं करा.

लॅबवाला_अकोला:
मॅडमचं अर्धं बरोबर. व्हॅक्यूमनं खेळाडूचं गार्ड होतच नाही. व्हॅक्यूम किती ओढणार? फार तर हवेच्या एका दाबाइतकं. प्रेशर मशीन त्याच्या कितीतरी पट दाब देते. आधी एक ३ मिमीची शीट बसवायची, कापून साफ करायची, तिच्यावर दुसरी दाबायची. समोरची जाडी पाहिजे तेवढी भेटते. मी असेच करतो.

दंतू_वर्धा:
दोन थरांचं उत्तमच, कोण नाही म्हणतं? पण त्यांच्याकडे ती मशीन नाही आणि सामने रविवारी आहेत. व्हॅक्यूमवर दोन थर केले तर कडेला सुटतात, आत लाळ शिरते. बुटक्या मॉडेलवर ४ ची एकच शीट घालणं बरं.

लॅबवाला_अकोला:
सुटत नाहीत, खालचा थर आधी कोमट केला तर. असो. शीट दीड-दोन सेंटिमीटर लोंबली की खाली घ्या, त्याहून जास्त तापवू नका. मशीन लगेच बंद करू नका, पूर्ण थंड होईस्तोवर हवा ओढू द्या. गरमच काढलं की आकार पलटते.

वऱ्हाडी_जुगाड:
एवढं कशाले बाप्पा? चपलेचा सोलही ईव्हीएचाच असते. मोची भावाकडून तुकडा घ्या, उकळा, दाताले लावा.

दंतू_वर्धा:
कृपा करून असलं काही करू नका. चपलेतला ईव्हीए फुगवलेला फोम असतो. त्यात काय-काय मिसळलं आहे ते तोंडात घालायच्या लायकीचं नसतं, आणि तुकडा तुटून घशात अडकला तर?

मातीतला_रेडर:
आमच्याकडे खरी अडचण वेगळीच. दोन पोरं खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातात, तोंड दोन बोटं उघडत नाही. मापाचा ट्रेच आत गेला नाही. डॉक्टरनं माप राहू दिलं, आधी खर्रा सोडा म्हणाले. पोरानं डॉक्टरच बदलला.

सुनंदा_मोर्शी:
हे गार्ड घोरण्यावर चालते का? आमचे हे रात्रभर घोरतात.

दंतू_वर्धा:
सुनंदाताई, नाही. ते उपकरण वेगळं असतं, खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. आधी डॉक्टरांना दाखवा.

निवृत्त_पीटी_सर:
सामन्याला जाताना थर्मासमध्ये थंड दूध न्या. दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता उचला आणि पुन्हा जागेवर बसवा. नाही जमलं तर दुधात टाकून लगेच दंतवैद्याकडे पळा. मातीत पडला म्हणून घासून धुवायचा नाही. आमच्या काळी फेकून देत, म्हणून सांगतो.

उमरखेडी_खेळगडी:
सर, दात पडल्यावरचं नाही विचारलं, पण दूध ठेवतो. मॉडेल घासून बुटकं केलं, टाळूत भोक पाडलं. ४ ची शीट नागपूरच्या डेपोतून एसटीनं बोलावली. आता समोर किती जाडी उरली ते मोजायचं कसं? पट्टी घुसत नाही.

लॅबवाला_अकोला:
क्लिनिकात दाताची टोपी मोजायचा चिमट्यासारखा गेज असते, तोच लावा. दाताच्या कडेपाशी आणि हिरडीपाशी, दोन्हीकडे मोजा. आणि वरच्या ओठाची लगाम (ओठ हिरडीला जोडणारी बारीक पट्टी) जिथं येते तिथं व्ही कापा, नाही तर पोरगं दोन रेडमध्ये काढून फेकते.

उमरखेडी_खेळगडी:
मोजलं. कडेपाशी अडीचच्या वर, हिरडीपाशी तीनला जवळ. फाटत तर नाही. आता एकच राहिलं. आमच्या कॉर्नरवाल्याच्या दातांना तार आहे, त्याचं गार्ड त्याच्या मॉडेलवर असंच थेट काढू का?

दंतू_वर्धा:
तार आहे का हे मी पहिल्याच पोस्टमध्ये विचारलं होतं ना! थेट काढू नका. गरम शीट ब्रॅकेटमध्ये (तार धरायला दातावर चिकटवलेल्या टिकलीत) जाऊन अडकेल आणि दात सरकायला जागाही उरणार नाही. मॉडेलवर ब्रॅकेटभोवती स्टोनचा लेप देऊन फुगवटा करा, मेण लावू नका, ते शीटच्या उष्णतेनं वितळतं. खरं तर त्याच्या तारेच्या डॉक्टरांनाच करू द्या.

लॅबवाला_अकोला:
आणि तेही प्रेशरवर.