१०० पर्यंत पाठ, तरी ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ का लिहितात?

बालवाडीताई: पहिलीत येणारी बरीच मुलं १ ते १०० घडाघडा म्हणतात, पण ‘त्रेपन्न लिही’ म्हटलं की ३५ लिहितात. पालक म्हणतात, पाढे वाढवा. घरी नेमकं काय करून घ्यायला सांगू?

दशक_एकक: पाढे आत्ता अजिबात नकोत. चूक कानातून येते. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर, मूल ऐकेल तसं लिहितं. जर्मनमध्येही एकक आधी बोलतात आणि तिथली मुलंही असंच चुकतात. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात २१ साठी ‘वीस एक’ असं वाचन दिलं, त्यामागे हीच अडचण होती. वाद खूप झाला, पण पायरी म्हणून ते वाचन उपयोगी आहे.

खराट्याच्या साठेक काड्या आणि रबरबँड घ्या. दहा-दहाचे गठ्ठे मुलानेच बांधायचे. तयार गठ्ठा दिला तर आत दहा आहेत हे त्याला पटत नाही, ते त्याला ‘एक’च मोजतं. पाच गठ्ठे डावीकडे, तीन सुट्या उजवीकडे. आधी ‘पन्नास आणि तीन’, मग ‘त्रेपन्न’. शब्द पूर्ण ऐकायचा, मग गठ्ठ्यांचा अंक आधी लिहायचा. काही मुलं ३ आधी लिहून डावीकडे ५ घालतात. उत्तर बरोबर दिसतं, पण ही सवय मोडाच. तीन अंकी संख्येत ती हमखास घात करते.

चिंचोके: त्याआधी एक तपासा. बारा चिंचोके पसरून मोजायला सांगा आणि लगेच विचारा, ‘किती झाले?’ मूल पुन्हा एकपासून मोजू लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या हे त्याला अजून कळलेलं नाही. मग गठ्ठ्यांची घाई नको.

दशक_एकक: अगदी बरोबर. आणि ‘एकोण’वाल्या (म्हणजे ‘एक कमी’) संख्या वेगळ्या घ्या. १९ ते ८९ अशा आठ आहेत. ९९ मात्र नव्व्याण्णव. ‘एकोणसाठ’ला ६९ लिहिलं जातं. सहा गठ्ठे ठेवून एक काडी काढायला सांगा. गठ्ठा सोडावाच लागतो! पुढे हातच्याची वजाबाकी म्हणजे हेच. इथे हात बसला नसेल, तर तिथे नुसती रीत पाठ होते.

सोंगटी: खेळही हवा. सीगलर आणि रमाणी या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या २००८च्या प्रयोगात १ ते १० घरांच्या सरळ पट्टीवर पंधरा-पंधरा मिनिटं चारच वेळा खेळ झाला, तरी मुलांची संख्यांची समज वाढली. सापशिडीत प्रत्येक ओळीला दिशा उलटते, म्हणून आधी कागदाची सरळ पट्टी करा. सोंगटी ५ वर असताना ३ पडले, तर ‘एक, दोन, तीन’ नाही, ‘सहा, सात, आठ’ म्हणत पुढे जायचं.